किसन मिस्त्रींनी पाहिलेली भिंत

नेरच्या स्टँडवर एसटीतून उतरलेल्या एका ओळखीच्या माणसाने मला पाहताच सांगितलं, "गुरुजी, किसन मिस्त्री गेले. आठ दिवस झाले." मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. आठ दिवस झाले आणि मला कोणी कळवलं नव्हतं... पण कळवावं असा मी त्यांचा होतो तरी कोण? दहा वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या एकशिक्षकी शाळेवर असलेला मास्तर, एवढंच.

दीक्षेनंतरचं ते पहिलं वर्ष. नागपूरहून परतलेल्या बौद्धवाड्यातल्या लोकांनी आपली सगळी मुलं, मुलीसुद्धा, शाळेत घातली. खोली एकच, मातीच्या भिंतींची. या मुलांनी मागच्या भिंतीला टेकून बसायचं, ही माझ्या आधीपासूनची रीत, आणि मी ती मोडली नाही. मिस्त्री गवंडीकाम करायचे. धाकट्या मुलीला पोचवायला आले तेव्हा दारातूनच त्या भिंतीकडे बघत राहिले, मग आत येऊन तिच्यावरून तळहात फिरवला. "गुरुजी, या भिंतीनं पोट काढलं. पावसाळा काढन असं वाटत नाही मले." मग म्हणाले, "अन् आमचीच पोरं तिच्याजवळ काहून बसवता?" वर कळवतो, असं मी म्हणालो. कळवलं नाही. मुलांना फूटभर पुढे सरकवलं, तेवढंच.

अर्ज शेवटी त्यांनीच केला. कामावरून आल्यावर घरोघर फिरून, बंजारा तांड्यावरही जाऊन लोकांचे अंगठे घेतले. नवी खोली हवी, दुसरा शिक्षक हवा आणि सगळी मुलं एकत्र बसावीत, एवढीच मागणी. कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी म्हणालो, मी नोकर माणूस, सही केली तर बदली होईल. "बरं," म्हणत त्यांनी कागदाची घडी घातली. पुढे तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले, पाटलांकडे जेवले आणि भिंत न पाहताच गेले. पाटील चारचौघांत म्हणाले, "धर्म नवा झाला, आता शाळाही नवी पाहिजे यायले!" त्यानंतर गावात मिस्त्रींना काम मिळेना. ते थापी-ओळंबा घेऊन दूरच्या गावांना जाऊ लागले, पण रोज सकाळी आधी शाळेत येऊन भिंत पाहायचे. मी मान खाली घालून हजेरी घ्यायचो.

श्रावणात झड लागली. चौथ्या सकाळी ते कामावर न जाता शाळेच्या उंबरठ्यावर येऊन बसले. "आज आत कोणी जाणार नाही." पाटील आले, ओरडले. मिस्त्री हलले नाहीत. मी मुलांना घरी पाठवलं. त्या साऱ्या वर्षातलं माझं पहिलं धाडस. दुपारी भिंत पडली. आतल्या बाजूला, नेमकी त्या मागच्या रांगेच्या जागेवर... गाव हादरलं, पण संध्याकाळपर्यंत बोलणं फिरलं. आजच पडणार हे याला कसं कळलं? यानंच पाया उकरला असेल! जमादार मिस्त्रींना घेऊन गेला. तेव्हा मात्र मी ठाण्यावर जाऊन जबाब लिहून दिला, की यांनी मला हे आधीच सांगितलं होतं आणि मी गप्प राहिलो. खाली सही केली. दोन दिवसांनी ते सुटले, महिन्याभरात माझी बदली झाली. निघताना मिस्त्रींनी माझी ट्रंक बैलगाडीत चढवली. "पहिलेच केली असती सही तर, गुरुजी..." एवढंच म्हणाले.

पुढे शाळा झाली, पक्क्या विटांची. त्या कामावर त्यांना घेतलं नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांची बायको सोनाबाई सांगत होती, अंथरुणाला खिळल्यावरही त्यांचा एक नेम चुकला नाही. नात शाळेतून आली, की विचारायचे, "आज कोठं बसली होती व?" ती म्हणायची, "पुढं, आबा." मग डोळे मिटून पडायचे. शेवटच्या दिवशीही विचारलं म्हणे... सोनाबाई चहा ठेवायला आत गेली. नात दाराशी पाटी पुसत बसली होती. मी तिला सहज विचारलं, "पुढे बसतेस होय गं?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नाही. आमाले मागंच बसवते... आजीले सांगू नका."