नऊशे बारा नंबरचं मेण

एप्रिलातला रविवार, २००३ सालचा. गव्हाचा चीक नुकताच शिजून उतरवला होता. चीक गरम आहे तोवरच कुरडई पडते, निवला की सोऱ्यातून हलत नाही. म्हणून दारावर थाप पडली तेव्हा मी आतूनच ओरडले, "हे भाजीला गेलेत, दहाला या!"

"मले सर नाई पाह्यजेत, ताई. तुमच्याशीच काम हाये."

प्रेमदास होता. यांच्या पॅथॉलॉजी विभागातला, आंजी गावचा. वीस वर्षांपासून हॉस्पिटलात आहे. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, हे त्याचं काम. बी.एस्सी.ला मीही खोडाचे काप ब्लेडने काढले आहेत, बोटंही कापून घेतली आहेत. त्यामुळे त्याच्या हाताची किंमत मला कळते.

त्याला गच्चीवर नेलं आणि चहाऐवजी हातात सोऱ्या दिला. "बोला, पण दाबत बोला."

तो हसला. "आमची मीराबाई म्हने, दिवसभर मेण कापता, अन् घरी कांदा कापा म्हटलं तं तुमचे हात दुखते."

मीराबाई त्याची बायको. शहाण्णव साली लिव्हरच्या कॅन्सरने गेली. आधी सगळ्यांनी कावीळच धरली. गावच्या रीतीप्रमाणे मंतरलेली काड्यांची माळ गळ्यात घातली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते, असं मानतात. माळ लांबत होती, आणि मीराबाई वाळत होती.

"तीन महिने, ताई. हॉस्पिटलात नौकरी माही, अन् घरी जाऊन मी रोज माळ बोटानं मापून राह्यलतो."

दोन कुरडया त्याने घातल्या. मग कामाचं काढलं. यांचा दोन वर्षांपासून एक अभ्यास चालू आहे, तो मला जेवताना ऐकून पाठ झालाय. लिव्हरच्या गाठीत काही ठरावीक प्रोटीनं किती आहेत, त्यावरून ती गाठ किती जोराची, अंगभर पसरेल का, हे आधीच सांगता येईल का, असा तो अभ्यास. प्रोटीन असलं की काप तपकिरी होतो, जास्त असलं की गडद. रंग नीट चढला याची खात्री पटावी म्हणून दर खेपेला एक ओळखीचा, हमखास तपकिरी होणारा काप सोबत रंगवतात. त्याला कंट्रोल म्हणतात.

"सर म्हणते, नऊशे बारासारखा पक्का कंट्रोल पाह्यला नाई." त्याने सोऱ्या खाली ठेवला. "नऊशे बारा म्हंजे मीराबाई, ताई."

वडीवर नुसता नंबर असतो, नाव नसतं. तिचा तुकडा त्यानेच मेणात बसवला होता.

"पण कंट्रोलला ऑपरेशनचा मोठा तुकडा घेतात ना?" मी म्हटलं. "मीराबाईंचा तर सुईने काढलेला. शेवईएवढा. तो कितीसा पुरणार?"

"मालूम हाये. चुकलंच माहं. एक डाव रंगवून पाह्यली, मायक्रोस्कोपखाली धरली, अन् मंग दर मंगळवारी तिलेच काढत गेलो. तिचं तोंड आता मले धड आठवत नाई. फोटो एकच, लग्नातला, त्यात मान खाली घालून बसली. पण ते तपकिरी ठिपके कुठं दाट, कुठं इरळ, डोळे मिटून सांगतो."

"गडद म्हणजे…" मी अडखळले.

"गडद म्हंजे पसरनारी. छातीत गेलतीच. सर एकदा दुसऱ्याच पेशंटचं बोलले, की इतका गडद असला तं लवकर आणूनही फार फरक पडला नसता. मी ते तिच्यासाठी ऐकून घेतलं. पण दुखनं तं कमी झालं असतं. ते मीच नाई होऊ देलं."

चीक निवत चालला होता. आम्ही दोघांनी तो तसाच राहू दिला.

"मग आता झालं काय?"

"कापून कापून पापुद्रा राह्यला. सर म्हणते, मंगळवारी शेवटची खेप, नऊशे बारा पूर्ण कापून घे."

"मग सांगा ना त्यांना. ते रागावणार नाहीत."

"रागावनार नाईत, मले मालूम हाये. त्याचीच तं पंचाईत. काय सांगू? दोन वर्सं तुमच्या अभ्यासात बायकोले घेऊन बसलतो म्हनून? त्याइच्या समोर माह्या तोंडातून शब्द निघत नाई."

त्याने नळावर हात धुतले, शर्टाला पुसले.

"दुसरा कंट्रोल मी काढून ठेवला. ऑपरेशनवाला, मोठा, तितकाच गडद. सरायले एवढंच सांगजा, मंगळवारी तो घ्या. नऊशे बारा आता कापू नका. राह्यली तेवढी मेणात राहू द्या."