मुन्शीजींनी न केलेली सही

मुन्शीजी न वाचता कशावरही सही करत नसत. पोस्टमनने रजिस्टर पत्र आणलं, तरी चष्मा पुसून आधी पावतीचा मजकूर वाचायचे. तो बिचारा उन्हात उभा. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेली. पोलीस ॲक्शननंतर ते मराठी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला लागले आणि त्यातच म्हातारे झाले. "पढल्याशिवाय दस्तखत करायला मी काय अंगठाबहाद्दर हाय?" असं विचारायचे.

क्रांती चौकाजवळच्या एका खोलीत आमच्या वृत्तपत्रस्वातंत्र्य समितीच्या बैठका भरत. त्या समितीची आठवण झाली की मला आजही शिसारी येते. बाहेर आम्ही लेखणीच्या स्वातंत्र्यासाठी घसे फोडायचो. आत अध्यक्षसाहेबांपुढे कुणाच्या तोंडून शब्द फुटत नसे. चौदा वर्षं तेच अध्यक्ष! चहा आला की ठरावाची वही फिरायची आणि आम्ही बशी सांभाळत कोऱ्या पानाच्या तळाशी सह्या ठोकायचो. वरचा ठराव साहेब नंतर सवडीने लिहायचे.

मुन्शीजींनी तीनदा सूचना मांडली. ठराव आधी वाचून दाखवा, मग सह्या घ्या. आणि दर दोन वर्षांनी निवडणूक घ्या. तिन्ही वेळा साहेब म्हणाले, "मुन्शीजी, आपण घरचीच माणसं. घरात कसली निवडणूक?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, कारण साहेबांनी माझ्याकडे पाहावं अशी माझी इच्छा होती.

मग समितीला टपालाने वर्गणी पाठवणाऱ्या सोयगावच्या एका वार्ताहराने एका व्यापाऱ्याची मापातली लबाडी छापली. व्यापाऱ्याच्या माणसांनी त्याला बदडलं आणि वर खंडणीची फिर्यादही त्याच्यावरच ठोकली. त्याच्या वर्तमानपत्राचा मालक त्याला काढायला टपलेलाच होता. समितीने पाठीशी उभं राहावं, एवढंच त्याने पत्रातून मागितलं. बैठकीत ते पत्र वाचलंही गेलं नाही. चहा झाला, वही फिरली. आठवड्याने कळलं, आमच्या सह्यांवर ठराव चढला होता : सदर इसमाशी समितीचा काहीही संबंध नाही. व्यापारी साहेबांचा व्याही निघाला.

त्या पानावर मुन्शीजींची सही नव्हती. पुंडलिकनगरहून सायकल मारत ते माझ्या घरी आले. "दोन ओळी लिहून द्या. असा ठराव झालाच नाय, सही कोऱ्या पानावर घेतली. त्या गड्याची नोकरी वाचंल."

मी म्हणालो, "मुन्शीजी, पत्रकाराने कोऱ्या कागदावर सही केली, हे लोकांना सांगू कसं?"

मुन्शीजी म्हणाले, "म्हंजी लाज सांगायची वाटती. करायची नाय." पाणीही न घेता उठले. तसेच ते सगळ्यांच्या दारी गेले. कुणीच लिहून दिलं नाही. वार्ताहराची नोकरी गेली, आणि मुन्शीजींनी समिती सोडली.

पुढे काही वर्षांनी मुन्शीजी वारले. अंत्ययात्रेला समितीतून मी एकटाच होतो. खांदा द्यायला पुढे झालो, तर तिरडीला आधीच एका अनोळखी माणसाचा खांदा होता. सोयगावहून पहिल्या एसटीने आलेला तो वार्ताहर. मी नाव सांगितलं.

"ठावं हाय," तो म्हणाला. "मालकानं काढताना मला ठराव दावला व्हता. पयली सही तुमचीच."

आणि थोडं सरकून त्याने मला जागा करून दिली.