फेब्रुवारीतली फुलं

विल्फ्रेड टॅपस्कॉट ब्रिस्टल शहरातून सॉमरसेटच्या खेड्यात आलेला घरजावई. तिथल्या हवेलीच्या बागेत त्यानं तीस वर्षं माळीकाम केलं आणि निवृत्त झाल्यावर त्याच बागेत तिकीट काढून जाऊ लागला. जित्याची खोड! वसंतात ट्युलिप बघायचे, उन्हाळ्यात भिंतीवरच्या वेलीचे सुकलेले गुलाब गुपचूप खुडायचे, पानगळीत डेलियाचे कंद अजून जमिनीतच म्हणून नव्या माळ्यांच्या नावानं बोटं मोडायची. फेब्रुवारीत मात्र तो तिकडे फिरकत नसे.

फेब्रुवारीत सफरचंदांच्या झाडांखाली स्नोड्रॉपची पांढरी फुलं येतात. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या आजारी बायकोनं, एनिडनं, हट्ट धरला म्हणून त्यानं मूठभर आणून तिच्या उशाशी पेल्यात ठेवली होती. तिची थोरली बहीण म्युरिएल दारातच ओरडली, "अरे मेल्या, ही कुणी घरात आणतं का? माणूस जातं अशानं!"

चौथ्या दिवशी एनिड गेली. तेव्हापासून दुपारच्या चहाच्या वेळी तिच्या खोलीतून पेल्यात देठ हलल्याचा आवाज त्याला यायचा. पेला त्यानं केव्हाच फोडला होता.

यंदा म्युरिएलनं अंथरूण धरलं. शेजारीच तिचं घर, त्यामुळे विल्फ्रेड रोज सूप घेऊन जायचा. एका सकाळी ती म्हणाली, "फुललीत का रे बागेत?"

"काय?"

"सोंग करू नकोस. चार आण मला."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अकरा वर्षं मला खुनी ठरवलंस, म्युरिएल!"

म्युरिएलनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "एनिडनं ती फुलं आधी मलाच आणायला सांगितली होती. मी नाही म्हटलं. तर हसून म्हणाली, मग विल्फला सांगते, तो शहरातला, त्याला कुठलं ठाऊक!"

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"लाज वाटली. शेवटचं काही मागितलं तिनं, आणि तू आणून दिलंस. मी नाही."

विल्फ्रेडला राग आला, आणि रागापेक्षा रडूच जास्त आलं. तो तसाच बागेत गेला. गवतावर दंव होतं. सफरचंदांखाली गुडघे टेकून तो बराच वेळ नुसता बघत राहिला. तेव्हा त्याला काही ठाऊक नव्हतं. आज सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्यानं हात पुढे केला.

म्युरिएलच्या दाराशी तो थबकला. आतून देठ हलल्याचा तोच आवाज येत होता. त्यानं बूट पुसले आणि फुलं आत नेली. उशाशी तिनं पाण्याचा पेला आधीच भरून ठेवला होता.