फेकायचं पाणी

पांढुर्ण्याच्या पुष्पाबाईची घरामागची बाडी केवढी, तर दोन खाटा टाकल्या की तिसरीला जागा नाही. पण तेवढ्यात ती काय काय काढायची! वांग्याच्या बुडाशी पालक, पालकाच्या मधून मुळा, मुळा उपटला की त्याच भोकात लसूण. वालाचा वेल तारेवरून थेट संडासाच्या टिनावर. नवरा हिरामण संत्र्याच्या मंडईत पेट्या ठोकायचा. तुटक्या पेट्या घरी आणायचा, त्यांत शेणमाती भरून ती मेथी अन् हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरायची. भिंतीला लागून पेटीवर पेटी, जिन्यासारख्या.

वाया म्हणून काही घालवायची नाही. तांदूळ धुतलेलं पाणी मिरचीला, आंघोळीचं केळीला, डाळीचं कळण पोटात. हिरामण म्हणे, "हिच्या घरी घाम पुसायची चोरी. म्हणंल, तो सांबारावर पिळा!"

मागच्या पावसाळ्यात हिरामणाचे पाय सुजले. पोरगा सागर नागपुरात नोकरीला, त्यानं तिथं दवाखान्यात नेलं. किडन्या थकल्या होत्या. सांभाळलं नाही तर डायलिसिसची मशीन लागेल, म्हणाले. डॉक्टरांनी पुष्पाबाईला समोर बसवून सांगितलं, "पालक, टमाटे बंद. मीठ नको. बाकी भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या, मग फोडणी घाला."

तिनं तीनदा विचारून घेतलं. मशीन लागू द्यायची नाही, एवढं एकच तिनं मनाशी धरलं. घरी आल्याबरोबर पालक मुळासकट उपटला, शेजारीपाजारी वाटला. दोडक्याचा वेल होताच, पेट्यांत लौकीही लावली.

पहिल्या दिवशी दोडके उकळून गाळले अन् पातेलं घेऊन ती मोरीपर्यंत गेली. हिरवंगार पाणी, वर वाफ. हात काही वळेना. डॉक्टर लोक नळ चालू ठेवून हात धुणारे, त्यांना फेकायला काय लागतं? सारं सत्त्व तर पाण्यात उतरलेलं. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला तिनं जन्मभर हेच पाजलं होतं. उरलेला चोथा खाऊन या माणसाला ताकद यायची कुठून? तिनं पाण्याला जिऱ्याची फोडणी दिली. मीठ मात्र घातलं नाही. पथ्य म्हणजे पथ्य.

"काय होय वं हे?" हिरामणानं विचारलं.

"प्या चुपचाप. ताकदीचं हाय."

"भाजीपरीस हेच चांगलं लागून राहिलं."

"लागंल नाई तं! माह्या बाडीचं हाय."

दोन महिने रोज संध्याकाळी पेलाभर. कधी तोच मागे, "आणि थोडं दे."

दसऱ्यानंतर एका सकाळी हिरामण खाटेवरून उठायला गेला अन् पाय गळाले. छातीत धडधड. सागरनं गाडी करून पुन्हा नागपूर गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय देत होतात?"

तिनं सांगितलं, जरा अभिमानानंच. "भाजी उकळूनच देत होती, साहेब. अन् पाणी वेगळं पाजत होती. एक थेंब वाया घालवला नाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "आई, त्यांच्या किडनीला जे झेपत नाही, तेच त्या पाण्यात उतरतं. म्हणून फेका म्हणालो होतो."

मशीन लागली. हिरामण शुद्धीवर होता, तेव्हा तिनं त्याला सांगून टाकलं. "म्याच पाजलं तुम्हाले."

"मंग? मी काय लहान पोट्टा होतो का? पेला तं मीच मागत होतो," तो म्हणाला अन् तिच्या हातावर थापटलं.

चौथ्या दिवशी तो गेला.

पुण्यानुमोदनाचं जेवण आटोपलं. भंतेजी गेले, पाहुणे पांगले, तेव्हा सागर तिच्याजवळ येऊन बसला. "आई, डॉक्टर म्हणत होते, किडन्या तशाबी गेल्याच होत्या. आज नाई तं उद्या..."

"तो उद्या मले पाहिजे होता नं, बापू," ती म्हणाली.

उन्हाळ्याच्या तोंडी शेजारची दीपाली लौकी मागायला आली. तिच्या सासऱ्याला, दादारावला, तोच आजार निघाला होता. पुष्पाबाईनं दोन कोवळ्या लौक्या तोडून दिल्या अन् चप्पल घालून तिच्या मागोमाग निघाली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दीपालीनं भाजी गाळली, पातेलं बाजूला सरकवलं.

"फेक," पुष्पाबाई म्हणाली.

"असू द्या नं काकू. यात कणीक भिजवते. एवढं चांगलं..."

"फेक म्हणते नं! माह्यासमोर फेक."

दीपालीनं मोरीत ओतलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पुष्पाबाई त्या दारात असते. दादाराव खाटेवरून टोमणा मारतो, "सून एक, अन् सासवा दोन झाल्या माह्या घरी!" ती हसत नाही, रागावतही नाही. पातेलं पालथं होईस्तोवर दारातून हलत नाही.