सगळ्याला चालेल असं एक

दुपारचा दवाखाना आटोपून मी आडवी झाले आहे. पंख्याची घरघर हळूहळू लांब जाते. शस्त्राचा परवाना आज हातात पडलाय, एकाच रिव्हॉल्व्हरचा. ते निवडायला उद्या कोल्हापूरला दादाच्या बंदुकीच्या दुकानात जायचं आहे. दादा जाऊन आठ महिने झाले. दुकान आता त्याचा मुलगा संग्राम बघतो.

पापण्या जड होतात आणि मी दुकानातच उभी आहे. काउंटरमागे दादा बसलाय. तो गेलाय हे मला ठाऊक आहे, पण त्याचं काही वाटत नाही.

"ये शालन. काय दाखवू?"

"एकच दे दादा, सगळ्याला चालेल असं. उशाशी ठेवता येईल, घाटातून एकटी येताना पर्समध्ये मावेल, उसात डुकरं शिरली तर हवेत बार काढता येईल."

तो काचेवर फडकं पसरतो. आखूड नळीचं ठेवतो. "हे पर्समध्ये मावेल, पण दहा पावलांपलीकडं नेम नाही." मग लांब नळीचं. "नेम चोख. पण वागवशील कुठं?" शेवटी मधलं. "लोक हेच नेतात."

"मग हेच दे."

"आणि चौथं काम?"

मी काचेवर हात टेकवते. तो वाट बघतो.

काउंटरची काच गार पडते. हे माझ्या दवाखान्यातलं बाळंतपणाचं टेबल आहे. दादा पायथ्याशी उभा आहे.

"दोन महिन्यांपूर्वी घरात चोर शिरले," मी सांगते. "सिद्धूमामांनी अडवलं, तर त्यांचा डोळा फोडला. वीस वर्षं माझ्या दारावर राखण केली रे त्यांनी. फोडणाऱ्याला मी ओळखलंय. ह्याच टेबलावर जन्मलेला आहे तो. रोज फाटकावरून जातो, मला नमस्कार करतो."

"पोलिसांना नाव दिलंस?"

"नाही."

"म्हणजे नेम त्याच्यावर."

मी मान डोलावते. दादा दार उघडतो. बाहेर रस्ता नाही, हिरण्यकेशी नदीचं कोरडं पात्र आहे. दगडगोट्यांत आमची तांबूस घोडी शेवंती पडली आहे, पुढचा पाय मोडून. मी अकरा वर्षांची आहे, तिची आयाळ धरून बसलेय. एकोणीस वर्षांच्या दादाच्या हातात वडिलांचं, आबांचं रिव्हॉल्व्हर आहे.

"तीन गोळ्या लागल्या तिला," तो म्हणतो.

"हत्यार लहान पडलं, म्हणायचास तू. ज्याला त्याला सांगायचास. म्हणून तर दुकान काढलंस."

"हत्यार पुरेसं होतं गं. मी डोळे मिटले होते. पहिल्यांदाही, दुसऱ्यांदाही."

शेवंतीचा श्वास माझ्या मांडीला ऊन लागतो.

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिनं माझ्याकडं बघितलं. मग मिटवेनात." तो खाली बसतो. "तू उघड्या डोळ्यांनी बघ त्या पोराकडं. बघून झालं की सांग, कुठलं देऊ."

मी बघते. टेबलावर निळं पडलेलं बाळ आहे, रडत नाही. मी त्याचे तळवे चोळतेय, पाठीवर थापट्या मारतेय. त्याची आई कण्हत विचारतेय, "जगलं का हो बाई?" मी चोळतेय, चोळतेय. आणि ते रडतं.

रडणं म्हणजे फोन वाजतोय. खिडकीत उतरतं ऊन आहे.

"आत्या, उद्या येताय न्हवं?" संग्राम विचारतो. "कुठलं काढून ठेवू?"

"काही काढू नकोस. उद्या सिद्धूमामांना घेऊन पोलीस ठाण्यात जायचंय मला. एक नाव सांगायचं राहिलंय."

"आवाज असा का तुमचा? झोपला होता का?"

"हो," मी म्हणते आणि फोन ठेवते.

डाव्या हाताची मूठ अजून घट्ट मिटलेली आहे. ती सावकाश उघडते. दोन बोटांना वेढे घालून एक केस अडकला आहे. वीतभर लांब, राठ, तांबूस.