दरवर्षी दोन जुलैला मरणारा वेंडेल

गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लॉकवेलभर एकच चर्चा होती, की लायल हूपरने आपल्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला पाठीत गोळी घातली. पोस्टात मी ऐकली तेव्हा एकच गोळी होती. चर्चच्या तळघरात दुपारच्या जेवणाला पोचेपर्यंत तीन झाल्या, आणि संध्याकाळी पेट्रोल पंपावर तर लायल सरोवर ओलांडून कॅनडाला पळालासुद्धा होता.

आता खरं सांगते. लायल कुठेही पळालेला नव्हता, तो शाळेची बस धूत होता. गोळी मात्र त्याने घातली होती. गेली एकोणीस वर्षं तो दर दोन जुलैला वेंडेल क्रॅब्ट्रीला गोळी घालतो, जुन्या रेल्वे स्टेशनच्या फलाटावर, सकाळी साडेनऊला, सगळ्या गावादेखत. आम्ही टाळ्या वाजवतो. पिस्तूल खेळण्यातलं असतं, टिकल्यांचं. घात पिस्तुलाने केलाच नाही, फलाटातून वर आलेल्या एका खिळ्याने केला.

वेंडेलचं आणि माझं कुंपण एकच, त्यामुळे मला गावापेक्षा चार गोष्टी जास्त ठाऊक. त्याचा जन्म इथलाच. बाप कालव्यावरच्या पीठगिरणीत. वेंडेलने चाळीस वर्षं लोकांच्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या. ओहायोच्या जानेवारीत ज्याची भट्टी बंद पडते, त्याला वेंडेल देवासारखा वाटतो, आणि एप्रिल आला की त्याच देवाला रस्त्यात कुणी ओळखत नाही. एकदा तो गावच्या कारभारी मंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला. अकरा मतांनी पडला. त्यातलं एक मत माझं होतं, आणि ते मी कुणाला दिलं हे त्याला आजही सांगितलेलं नाही.

पण दाढी! दाढी त्याची अशी, की पोस्टाच्या तिकिटावर छापावी. एकोणतीस वर्षांपूर्वी शाळेच्या कार्यक्रमात राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड झालेल्या मास्तरांची खोटी दाढी भाषणाच्या मध्यावर सूपच्या भांड्यात पडली. कुणीतरी ओरडलं, ‘‘अरे, वेंडेलला उभा करा, त्याची ओढली तरी निघणार नाही!’’ तेव्हापासून गावात त्याला जनरलच म्हणतात.

आमच्या कालव्याकाठच्या सगळ्या गावांना गारफिल्डचा उमाळा आहे. लाकडी खोपटात जन्मलेला, दोन वर्षांचा व्हायच्या आत बाप गेलेला हा पोरगा सोळाव्या वर्षी कालव्यावर नावा ओढणारी जनावरं हाकायचा आणि फार वेळा पाण्यात पडायचा. चौदा वेळा पडला म्हणतात. काठावरच्या गावांचे दावे मोजलेत तर बाविसाच्या पुढे जातात. लॉकवेलचा दावा एकच, पण आम्ही तो सोडत नाही. पुढे हाच पोरगा शाळेत झाडू मारून शिकला, तिथेच मास्तर झाला, प्रवचनं दिली, यादवी युद्धात जनरल झाला, सतरा वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे आमच्या संसदेत, बसला. १८८० साली राष्ट्राध्यक्षपदासाठी दुसऱ्याचं नाव सुचवायला पक्षाच्या अधिवेशनाला गेला आणि स्वतःच उमेदवार होऊन परत आला. निवडून आला, पुढच्या मार्चमध्ये शपथ घेतली, जुलैच्या दोन तारखेला वॉशिंग्टनच्या स्टेशनवर एका माथेफिरूने मागून दोन गोळ्या झाडल्या, आणि सप्टेंबरात सगळं संपलं.

वेंडेल हे सगळं सांगायचा, पण त्याचा जीव अडकला होता शेवटच्या ऐंशी दिवसांत. फलाटावर पोत्यांच्या थरावर पडल्या पडल्या तो समोरच्या मुलांना म्हणायचा, ‘‘हात वर करा. दाखवा बोटं. धुतली आहेत?’’ मुलं खिदळायची. मग त्याचा आवाज खाली जायचा. ‘‘अशाच न धुतलेल्या बोटांनी डॉक्टरांनी माझी जखम चाचपली. आधी एकाने, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. गोळी आत निमूट बसली होती. तिने मला मारलं नाही, मुलांनो. बोटांनी मारलं.’’

हे नुसतं पाठांतर नव्हतं. वेंडेल तेवीस वर्षांचा असताना त्याची आई एका साध्या शस्त्रक्रियेला गेली. टाके चिघळले आणि पाचव्या दिवशी तिची शवपेटी घरी आली. गावात हे फार कुणाला आठवत नाही. मला आठवतं, कारण तिच्या मागे उरलेल्या कोंबड्या आमच्याकडे आल्या होत्या. तेव्हापासून वेंडेलने डॉक्टरला अंगाला हात लावू दिला नाही. दात दुखला तरी पक्कड स्वतःची.

तर त्या दोन जुलैला लायलने टिकली फोडली आणि वेंडेल पडला, पण पोत्यांवर नाही, वीतभर बाजूला. हिवाळ्यात थंडीने फळ्या उचलतात, खिळे डोकं काढतात. तसा एक जुना गंजका खिळा त्याच्या कमरेखाली, बसायच्या जागेच्या जरा वर, उजवीकडे शिरला. आणि हा माणूस खिळ्याबद्दल चकार शब्द न काढता त्यावरच पडून अख्खं भाषण बोलला. त्या वर्षी जनरल असा काही कण्हला, की कँटन शहरातून आलेल्या दोन बायका हुंदके देऊन रडल्या. मी स्वतः म्हटलं, ‘‘काय बाई हा नट!’’ ते मला आजही टोचतं.

चार तारखेच्या, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणावळीत मी पाहिलं, हा बटाट्याचं सॅलड उभ्याने खातोय. मी म्हटलं, ‘‘काय रे जनरल, निवडून आलास तरी खुर्ची नाही मिळाली?’’

‘‘उभ्याने जास्त मावतं,’’ तो म्हणाला. पण त्याच्या कपाळावर घाम होता.

त्यानंतर तो दिसला नाही. पडदे ओढलेले. म्हणूनच गावाने गोळीची गोष्ट रचली, माणूस दिसेनासा झाला की गाव स्वस्थ बसत नाही. नवव्या दिवशी त्याची बायको डोरीन कुंपणाशी आली. हातात उशीचा अभ्रा होता, पिवळा डाग पडलेला.

‘‘तापाने फणफणलाय,’’ ती म्हणाली. ‘‘पालथा पडून असतो. मला बघू देत नाही. म्हणतो, गरम पाण्याचा शेक पुरे. आणि लायलला घरात घ्यायचं नाही, त्याला वाईट वाटेल म्हणतो.’’

‘‘अगं, लायल गावाचं ऐकून वेडा व्हायची वेळ आलीय. त्याला वाटतंय, टिकलीनेच काहीतरी झालं.’’

‘‘वाटू दे त्याला. माझा नवरा सडतोय आणि मी भावाची समजूत घालत बसू?’’

डोरीनला तीस वर्षांत मी कधी चिडलेली पाहिली नव्हती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तीनशे पोरांना रोज जेवायला घालूनही बाई आवाज चढवत नसे. त्या दिवशी तिने चढवला.

अकराव्या दिवशी मी तिला न विचारताच डॉक्टर ऑस्बीला घेऊन गेले. ही आमच्या दवाखान्यात नवी आलेली, क्लीव्हलंडची, वय तिशीच्या आतलं. लायलही मागून आला, टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. खोलीत शिरलो तेव्हा वास आला, आणि मला बोलायला काही चेष्टाच सुचेना. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

वेंडेलने पालथं पडूनच मान वळवली. ‘‘कुणी आणलं हिला?’’

‘‘मी,’’ मी म्हटलं.

‘‘तुला चोंबडेपणाची पेन्शन मिळायला हवी.’’

डॉक्टर ऑस्बी काही न बोलता मोरीशी गेली, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागली. धुता धुता म्हणाली, ‘‘मिस्टर क्रॅब्ट्री, मी नुसतं बघते. बोट लावत नाही.’’

‘‘त्यांच्याकडेही बघणारे खूप होते.’’

‘‘कुणाकडे?’’

‘‘जनरल गारफिल्ड,’’ लायल दारातून पुटपुटला. ‘‘त्यांचा विषय निघाला की थोडा वेळ जातो, डॉक्टर.’’

तिने पांघरूण उचललं आणि तिचा चेहरा बदलला. लालसर रेघ मांडीपर्यंत उतरली होती. ‘‘आज इस्पितळात न्यायला हवं. उद्या नाही. हे उघडून साफ करायला लागेल, आत काहीतरी राहिलंय. विष रक्तात गेलं तर मग माझ्या हातात काही उरणार नाही.’’

‘‘उघडून,’’ वेंडेल म्हणाला. ‘‘बघा, आलाच तो शब्द. आईलाही असंच सांगितलं होतं. एवढंसं उघडायचं आणि लगेच शिवायचं.’’

‘‘आधी यंत्राने बघतील, मग...’’

‘‘यंत्रही आणलं होतं! टेलिफोनवाल्या बेलने स्वतः आणलं होतं, गोळी शोधायला. गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, यंत्र नुसतं गुणगुणत राहिलं. मला सगळं पाठ आहे, पोरी. मी या पलंगावर मरेन. निदान कुणाच्या बोटाने मरणार नाही.’’

लायल तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. ‘‘एकोणीस वर्षं मी गोळ्या घालतोय रे तुला, आणि मेलास तर आत्ताच मरणार होय?’’

तेव्हा डोरीन बोलली. ती खिडकीशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून.

‘‘तुला पाठ नाही वेंडेल. मला पाठ आहे. एकोणतीस वर्षं कपडे वाळत घालताना, भांडी विसळताना मी ते ऐकलंय. त्यात डॉक्टर आहेत. मारेकरी आहे. बेल आहे, त्याचं यंत्र आहे, गादीतल्या स्प्रिंगासुद्धा आहेत. बायको कुठाय?’’

वेंडेलने तोंड उशीत खुपसलं.

‘‘ल्युक्रीशिया कुठाय? ती स्वतः आजारातून नुकती उठली होती. तार मिळाली तशी गाडीत बसून आली. शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होती. पाच पोरं होती तिला. मी पुस्तकात वाचलं, दुसऱ्या वर्षीच. मला वाटलं, या खेपेला सांगेल, पुढच्या खेपेला सांगेल. स्प्रिंगांना जागा आहे तुझ्या भाषणात, तिला नाही.’’

‘‘डोरीन, अगं...’’

‘‘तिला कुणी विचारलं नव्हतं, उघडायचं की नाही ते. तू पण नाही विचारलंस मला. अकरा दिवस मी अभ्रे धुतेय. तू तुझ्या आईला मारणाऱ्यांवर सूड घेतोयस, आणि किंमत मी मोजतेय.’’

मोरीच्या नळाचं पाणी तसंच चालू होतं. मी जाऊन बंद केलं, काहीतरी करायला हवं म्हणून.

‘‘तुझं काय म्हणणं आहे?’’ वेंडेलने विचारलं. उशीत तोंड असल्याने आवाज नीट येत नव्हता.

‘‘उघडू दे.’’

‘‘आणि मेलो तर?’’

‘‘तर मी त्या डॉक्टरांचं तोंड नाही बघणार आयुष्यात. पण तुला जिवंतपणी सडताना बघायची माझी ताकद संपली.’’

त्याने हात मागे केला, आंधळ्यासारखा चाचपत. तिने तो धरला. मग तो डॉक्टर ऑस्बीला म्हणाला, ‘‘बोलवा गाडी. पण डोरीन माझ्याबरोबर बसेल.’’

ॲक्रनच्या इस्पितळात नेलं. कमरेतून बोटभर कुजलेली लाकडाची ढलपी निघाली, खिळ्याबरोबर आत गेलेली. दोनदा उघडावं लागलं. मधले चार दिवस डॉक्टरही छातीठोक काही सांगत नव्हते, आणि डोरीन तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर झोपायची. लायल रोज बस धुणं टाकून यायचा आणि जिन्यात बसून राहायचा. गावाने तेवढ्यात वेंडेलला दोनदा पुरलं. फुलांची वर्गणीही काढली. ती परत कुणाला करायची यावरून नंतर भांडण झालं.

ऑगस्टच्या अखेरीला तो घरी आला. चाळीस पौंड उतरला होता. मांस एवढं काढावं लागलं, की उजवा पाय कायमचा ओढतो, आणि खाली पडला तर एकट्याने उठता येत नाही. दाढी पांढरी झाली, पण ओढली तरी निघत नाही, मी ओढून पाहिली. मांडीखाली उशी घेऊन व्हरांड्यात बसायचा आणि कालव्याकडे बघत राहायचा. बऱ्याच दिवशी मी हाक मारली तरी ओ देत नसे. डोरीन म्हणायची, रात्री दचकून उठतो, आईला हाक मारतो. माणूस वाचला म्हणजे सगळाच वाचतो असं नाही.

यंदा मे महिन्यात उत्सवाच्या समितीची बैठक होती, चर्चच्या तळघरात. वेंडेल काठी टेकत आला, मागे डोरीन. अध्यक्ष विल्मा प्रूइट. ही बाई सगळं घड्याळ लावून करते, स्वतःच्या नवऱ्याचा दफनविधीसुद्धा हिने वेळेआधी सात मिनिटं आटपला होता. तिने चष्म्यातून पाहिलं.

‘‘वेंडेल, तुला पडता येत नाही. आम्ही शेजारच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरांना विचारलंय.’’

‘‘दाढी आहे त्याला?’’ लायलने विचारलं.

‘‘चिकटवतील.’’

‘‘मग सूप ठेवू नका,’’ मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

वेंडेल उभा राहिला, म्हणजे काठीवर वाकला. ‘‘मी बसून सांगेन. पडायचं नाही, लायलने गोळी घालायची नाही. फलाटावर दोन खुर्च्या ठेवा.’’

‘‘दोन कशाला?’’

‘‘एक ल्युक्रीशियाची.’’

डोरीनने पर्स उघडली, आत काहीच न शोधता बंद केली. तिचे कान लाल झाले होते.

विल्मा प्रूइटने कागदावर पेन्सिल आपटली. ‘‘खुर्च्या ठेवू. पण हे बघ, लोक कँटनहून, क्लीव्हलंडहून गाड्या घेऊन येतात ते मरण बघायला. पडायचं नाही, गोळी नाही. मग राष्ट्राध्यक्ष मरणार कधी?’’

वेंडेल म्हणाला, ‘‘डोरीनला विचारा. ती नाही म्हणाली तर मी मरणार नाही.’’