आवाज आला नाही

आमच्या गावात मला अजूनही विचारतात, ‘भाऊ, कितला गोल कयात?’ मी बचावपटू. सगळी कारकीर्द दुसऱ्याचे गोल अडवण्यात गेली. क्लबकडून खेळताना दोन झाले, तेही कॉर्नरवर डोकं लागून. देशाकडून एकही नाही. हे ऐकून माणसं जराशी हिरमुसतात आणि चहा मागवतात. गोल न मारलेल्या माणसाचा सत्कार कसा करायचा, हे त्यांना कळत नाही. तरी करतात. शाल, नारळ, टोपी, आणि भाषणात ‘तापीकाठचा सुपुत्र’. मी मान खाली घालून उभा राहतो. लोकांना तो विनय वाटतो.

ब्राह्मणपुरीपासून जवळच आमचं गाव. कापूस, केळी, अलीकडे पपई. शाळेत एक क्रीडाशिक्षक आले, त्यांनी फुटबॉल आणला, नाहीतर मीही इतरांसारखा क्रिकेटच खेळत बसलो असतो. तिथून सरकारी क्रीडा वसतिगृह, मग गोव्याचा क्लब, मग कोलकात्याचा. उंची चांगली, डोकं कणखर, आणि पुढच्याला सोडायचं नाही हा हट्ट. एवढ्या भांडवलावर राष्ट्रीय संघापर्यंत पोचलो. खोटी नम्रता नको, मी बरा खेळायचो.

माझ्याबरोबर बचावाच्या मध्यभागी एक केरळचा गडी असायचा. आमची मोडकीतोडकी हिंदी एकमेकांत मिसळून तिसरीच भाषा झाली होती. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा. दोन वेळा त्याची निवड होता होता राहिली होती, आणि ही शेवटची संधी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरी फोन करताना तो ‘या खेपेला टिकलो तर’ असं म्हणायचा. मल्याळम मला येत नाही, पण तेवढं वाक्य तो मला हिंदीत सांगून झोपायचा.

बाहेरच्या देशातला सामना होता. दोन दिवस आधी सरावात माझी पोटरी ओढली गेली. डॉक्टरला सांगितलं असतं तर बाकावर बसवलं असतं. मी सांगितलं नाही. खोलीत त्यानेच पट्टी बांधून दिली, आणि ‘सांगून टाक’ असंही एकदा म्हणाला. मी हसण्यावारी नेलं.

आमची चाल साधी होती. समोरच्याने लांब चेंडू मारायच्या आत आम्ही चौघांनी एकदम पुढे सरकायचं. मग त्यांचे आक्रमक आमच्या मागे सापडतात आणि ऑफसाइड होतात. कधी सरकायचं ते एकानेच ओरडून सांगायचं. ते काम त्या केरळच्या गड्याचं. चौघांपैकी एकजण जरी मागे राहिला, तरी सगळा खेळ फसतो.

सामना संपायला थोडा वेळ होता. बरोबरी होती. तो ओरडला. तिघं पुढे गेले. माझी पोटरी आखडली आणि मी जागचा हललो नाही. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला, त्यांचा आक्रमक एकटा धावत सुटला आणि त्याने गोल केला. मी काय केलं? हात वर केला. ऑफसाइड, ऑफसाइड, म्हणून पंचाकडे पाहत ओरडलो. मीच त्या आक्रमकाला मोकळं केलं होतं आणि मीच हात वर करून उभा! नंतर माझ्या केरळच्या जोडीदाराकडे वळून दोन्ही हात पसरले, जणू चूक त्याची. प्रेक्षकांनी ते पाहिलं. त्यानेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात प्रशिक्षकांनी चित्रफीत दाखवली. उंचावरून, लांबून घेतलेली. त्यात मी एकटा मागे दिसत होतो. ते परदेशी होते, थोडं बोलायचे आणि नेमकं बोलायचे. ‘का राहिलास?’ एवढंच विचारलं.

मी म्हणालो, ‘आवाज आला नाही.’

प्रशिक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. तो काही बोलला नाही. पुढच्या शिबिराच्या यादीत माझं नाव होतं, त्याचं नव्हतं. पुन्हा कधीच आलं नाही. मी मात्र त्यानंतरही काही वर्षं देशाचा शर्ट घालून फिरलो.

लाज लगेच वाटली नाही, हेही कबूल करतो. आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, आणि आली ती मुक्कामालाच. निवृत्त झाल्यावर अक्कलकुव्याच्या एका शाळेत क्रीडादिनाला बोलावलं, तिथे मी मुलांना सांगितलं की खेळ माणसाला प्रामाणिक बनवतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत स्वतःचीच किळस येत होती.

मागच्या महिन्यात पुतण्याने तो सामना फोनवर शोधून काढला. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. त्यांना फुटबॉलचं काही कळत नाही. पण सगळा जन्म दोरी धरून कापूस आणि केळी लावण्यात गेला. ओळीत एक रोप वीतभर मागे असलं तर बांधावरून ओळखतात आणि लावणाऱ्याला परत पाठवतात. समोरच्या गोलपोस्टच्या मागून घेतलेलं, सावकाश केलेलं दृश्य होतं. आप्पांनी ते दोनदा लावायला सांगितलं.

‘बाकीना तिन्ही पुढे ग्यात. तू मांगे काबर ऱ्हायना?’

‘आवाज नही उना, आप्पा. गोंधळ व्हता.’

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. ‘तो तं वरडी ऱ्हायना. तोंड देख त्यानं.’

खरंच. समोरच्याचा चेंडूला पाय लागायच्या आधीच त्याचं तोंड सताड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि मी त्याच्यापासून चार-पाच पावलांवर. आप्पांनी फोन पुतण्याला दिला आणि शेताकडे निघून गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी केरळच्या त्या जोडीदाराला फोन लावला. तो आता त्याच्या गावाकडे मुलांना खेळ शिकवतो. खूप वर्षांनी बोलत होतो, तरी त्याने आवाज ओळखला आणि आधी माझ्या पोटरीची चौकशी केली. मी सगळं एका दमात बोलून टाकलं. ऐकू आलं होतं, मी खोटं बोललो, तुझी जागा माझ्यामुळे गेली. माफ कर म्हणालो. मग विचारलं, ‘तू तेव्हा का बोलला नाहीस?’

‘मला वाटलं, तू बोलशील,’ तो म्हणाला. ‘विमानतळावर पोचेपर्यंत वाटत होतं.’

त्याच्याकडे मुलांचा गलका ऐकू येत होता.

‘हे अजून कुणाला सांगितलंस?’ त्याने विचारलं.

‘नाही. पहिलं तुलाच.’

‘मला कशाला सांगतोस?’ तो अगदी शांतपणे म्हणाला. ‘मला तर माहीतच होतं.’

एवढं बोलून त्याने फोन ठेवला, सरावाची वेळ झाली होती. म्हणून आता इथे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे. हाक वेळेवर आली होती, आणि मला स्पष्ट ऐकू आली होती.